कापसाच्या खोलीशेजारचा माऊस

फेब्रुवारीतली गोष्ट. फार्मर आयडीचा अर्ज भरायला एक आजोबा आले होते. ओटीपी आला, त्यांचे गट नंबर स्क्रीनवर दिसले, आता फक्त चौकोनात टिक करायची आणि पुढे जायचं. मी क्लिक केलं. टिक लागली आणि लागली तशीच निघून गेली. पुन्हा केलं, तर राहिली. दुसऱ्या गटावर केलं, तर परत तेच. आजोबा चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "माय, माह्या वावराचं काई लफडं तर नाई नं व?"

तो प्रश्न मला फार लागला. त्यांना वाटलं त्यांच्या जमिनीच्या कागदात खोट आहे, आणि खोट होती माझ्या हातातल्या माऊसमध्ये. तो अर्ज मी कीबोर्डवर पूर्ण केला. टॅबने चौकोनापर्यंत जायचं आणि स्पेस दाबून टिक करायची. आजोबा पावती घेऊन गेले. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की याचा छडा लावायचा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत मी सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, असं सगळं. तालुक्याचं गाव बावीस किलोमीटरवर आहे. नवा माऊस घ्यायचा तर जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो आणि केंद्र बंद ठेवावं लागतं. पैशाचा प्रश्न तेवढा नाही. मागे एकदा बाजारातून घाईत एक स्वस्तातला आणला होता, त्याचं चाक दुसऱ्याच पावसाळ्यात घसरायला लागलं. हा माऊस 2014 चा आहे, कॉम्प्युटरसोबतच आलेला. दिवसाचे सात-आठ तास तो माझ्या हातात असतो. त्याच्या पाठीवर माझ्या तळव्याची जागा गुळगुळीत झाली आहे. असं अवजार नुसत्या एका खटक्यापायी फेकून देणं माझ्या जिवावर येतं.

रात्री लाईन आल्यावर बसले. आधी दोष नक्की कुठे आहे ते बघायचं होतं. एका फोल्डरवर मोजून वीस वेळा एकेकदा क्लिक केलं, त्यातल्या सात वेळा फोल्डर उघडलं. एकदाच दाबलं होतं, पण कॉम्प्युटरला दोनदा दाबल्यासारखं वाटत होतं. मजकूर निवडायला बटण दाबून ओढत नेलं तर मध्येच निवड सुटत होती. सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग बदलून पाहिला, काडीचाही फरक पडला नाही. ते दोन क्लिक एकमेकांना इतके चिकटून येत होते की सगळ्यात वेगवान सेटिंगलाही तो डबल क्लिकच वाटत होता. मग पुतण्याच्या लॅपटॉपला हाच माऊस लावला, तिथेही तेच. म्हणजे वेबसाइट नाही, कॉम्प्युटर नाही, माझं बोटही नाही.

याशिवाय आणखी दोन तक्रारी होत्या, ज्यांची मला इतकी सवय झाली होती की त्या तक्रारी आहेत हेच मी विसरले होते. चाक खाली फिरवलं की पान मध्येच वर उडी मारायचं. आणि बाण कधी कधी जागच्या जागी थरथरायचा.

वायर काढून माऊस उलटा केला. स्क्रू कुठेच दिसेना. असे माऊस बऱ्याचदा एक-दोन स्क्रूंवर बंद असतात आणि ते स्क्रू तळाच्या स्टिकरखाली नाहीतर घसरायच्या पट्ट्यांखाली लपलेले असतात. स्टिकरवरून बोट फिरवलं तर एका जागी खळगा लागला. ब्लेडने तेवढाच कोपरा उचलला, आत स्क्रू होता. पट्ट्या मी उचलल्या नाहीत, हे बरं केलं. त्या एकदा निघाल्या की पुन्हा सपाट बसत नाहीत आणि माऊस टेबलावर खरखरतो. पेचकसाने स्क्रू सैल केला, पाठ मागून उचलली, पुढची आकडी सुटली आणि झाकण हातात आलं.

आत कापूस होता.

आमच्याकडे दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरातच भरतात. भाव वाढेल या आशेनं तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे पडून राहतो. माझ्या केंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत त्या वेळी वीसेक क्विंटल होता. दार कितीही लावलं तरी तंतू उडतातच. अंगाला खाज सुटते, डाळीत सापडतात, देवघरातल्या समईच्या तेलावर तरंगतात. माऊसमध्ये ते चाकाच्या फटीतून गेले होते. आणि आत जाऊन नुसते पडलेले नव्हते. चाकाच्या आसाभोवती त्यांचा पीळ बसला होता, टकळीवर सूत चढावं तसा. मी चाक फिरवत होते आणि ते वर्षानुवर्षं कातत होतं. त्यात काळ्या मातीची धूळ आणि हाताचा मळ मिसळून राखाडी दोरा झाला होता. चिमट्याने एक टोक पकडून ओढलं तर तो उलगडत बाहेर आला. टेबलावर सरळ करून ठेवला, वीतभर भरला.

चाक वर का उडत होतं ते तिथेच समजलं. या चाकाला कडेने खाचा आहेत. एका बाजूला डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा बारीक दिवा, आणि समोर तो प्रकाश टिपणारा एक काळा मणी. त्या मण्यात शेजारी शेजारी दोन डोळे असतात. चाक फिरलं की खाचांतून प्रकाश लागतो-विझतो, आणि कोणत्या डोळ्याला आधी दिसला यावरून चाक वर गेलं की खाली ते कळतं. खाचेत तंतू अडकला की हा क्रम चुकतो. तीन-चार खाचांत तर मातीच होती. दात घासायच्या जुन्या ब्रशने कोरडीच झाडली. सगळ्याच माऊसच्या चाकात ही दिव्याची सोय नसते. कित्येकांत चाकाच्या आसाला एक छोटी बंद डबी असते आणि आतले पत्रे एकमेकांना घासून मोजणी होते. तिथे ब्रश पोचत नाही, डबीच्या फटीत स्पिरिटचा थेंब सोडून चाक बराच वेळ फिरवावं लागतं.

खाचांचं हे चाक बघून मला 2004 आठवलं. तालुक्याला एमएस-सीआयटीचा कोर्स करत होते. तिथे तळाला गोळी असलेले माऊस होते. रबराचं कवच असलेली जड गोळी, तळाची चकती फिरवली की हातात यायची. ती फिरताना आतल्या दोन रुळांना घासायची. एक रूळ आडवा, एक उभा, आणि तिसरा एक स्प्रिंगवर, गोळीला त्या दोघांकडे दाबून धरणारा. रुळांच्या टोकांना अशाच खाचांच्या चकत्या असायच्या. सर सकाळी आले की पहिलं काम, सगळ्या माऊसच्या गोळ्या काढून रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. तो मळ रुळाच्या बरोबर मध्यावर कड्यासारखा जमतो, कारण गोळी टेकते तिथेच. बाण फक्त आडवा अडखळत असेल तर कोणता रूळ घाण झाला हे सर गोळी काढायच्या आधीच सांगायचे. माऊस दुरुस्त होणारी वस्तू आहे हे मी तिथे शिकले. सर हेही सांगायचे की डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये जो पहिला माऊस बनवला तो लाकडाचा ठोकळा होता, त्याला गोळी नव्हती, काटकोनात बसवलेली दोन चाकंच थेट टेबलावर फिरायची. त्या दोन चाकांचेच पुढे दोन रूळ झाले. रूळ हातात घेऊन ऐकल्यामुळे ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

माझ्या या माऊसला गोळी नाही. तळाला भोक आहे, त्यातून लाल उजेड टेबलावर तिरका पडतो आणि वरून एक बारीकसा कॅमेरा भिंगातून टेबलाचे फोटो घेतो, सेकंदाला हजाराच्या वर. एका फोटोतली खरबरीत खूण पुढच्या फोटोत किती सरकली यावरून बाण सरकतो. भोकात टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या कडेला एकच तंतू चिकटलेला होता, वाकून भिंगासमोर आलेला. माऊस सरकला की टेबल सरकताना दिसतं, पण हा तंतू माऊससोबतच जातो, त्यामुळे कॅमेऱ्याला तो जागचा हलत नाही. अर्धं चित्र सांगतं सरकलो, अर्धं सांगतं नाही. बाणाची थरथर तिथून होती. एका तंतूने एवढं केलं होतं. सुईच्या टोकाने तो उचलला. भिंगाला बोट लावलं नाही, इअरबडच्या टोकाला स्पिरिट लावून एकदाच हलक्या हाताने फिरवलं.

स्पिरिटबद्दल थोडं सांगते. घरात सॅनिटायझरची अर्धी बाटली होती, आधी तीच उचलली होती. पण सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, काहींत सुगंध आणि जेलही असतं. ते वाळल्यावर चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ आणखी बसते. मोबाइल दुरुस्त करणारे आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल हे स्पिरिट वापरतात, ते पूर्ण उडून जातं. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या मोबाइलवाल्या दादांकडून मी औषधाच्या बाटलीत थोडं घेतलं. पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिशचं रिमूव्हर मात्र जवळही आणू नका. रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने माऊसचं प्लास्टिक विरघळतं आणि पांढरे डाग पडतात ते कायमचे.

वरचं झाकण पूर्ण सुटं करून साबणाच्या कोमट पाण्यात धुतलं. बटणांच्या मधल्या फटीत मळ इतका घट्ट होता की काडीने कोरावा लागला. सावलीत वाळवलं. उन्हात ठेवलं नाही, कारण आमच्याकडचं ऊन फेब्रुवारीच्या शेवटीच चढायला लागतं. रात्रभर ठेवून सकाळी जोडलं. चाक लोण्यासारखं फिरलं. बाण सरळ गेला. मी खूश होऊन फोल्डरवर क्लिक केलं, आणि ते उघडलं.

सफाईने क्लिक सुधारला नाही. सुधारणारही नव्हता. चाक आणि बाण हे धुळीचे रोग होते, क्लिकचा रोग झिजेचा होता, हे मला तेव्हा कळलं.

बटणाखाली एक काळी डबी असते, नखाएवढी, तिच्या डोक्यावर तिळाएवढी पांढरी कळ. खटका म्हणजे तीच. आत तांब्याच्या पातळ पातीची स्प्रिंग असते. तिची एक जीभ वाकवून ताणलेली असते, त्या ताणामुळे पाती वर दाबलेली राहते. कळ दाबली की पाती एकदम खाली आपटते आणि तिचं टोक खालच्या टिकलीला लागतं. तो 'टक्' आवाज त्या आपटण्याचा. लाखो वेळा आपटून टोकाला काजळी धरते आणि जिभेचा ताण ढिला होतो. मग पाती ठाम बसत नाही, उडते, आणि एका दाबण्यात दोनदा लागते.

पहिला उपाय सोपा केला. कळेच्या कडेने आयपीएचा एक थेंब सोडला आणि शंभरेक वेळा टकटक केलं. क्लिक सुधारला! चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी पुन्हा टिक निघून गेली.

मग खटका उघडायचं ठरवलं, पण याच्यावर हात साफ करायची हिंमत झाली नाही. अडगळीत आणखी जुना एक माऊस होता, गोल हिरव्या पिनचा, ज्याची वायर उंदराने कुरतडली होती. कापूस असला की उंदीर येतातच. त्याचे खटके आकाराने अगदी हेच निघाले, तेच तीन पाय, तीच उंची. सरावाला तो घेतला. डबीच्या दोन्ही बाजूंना बारीक आकड्या असतात, तिथे ब्लेडचं टोक घालून हळूच वर उचललं. झाकण टकदिशी उडालं आणि पांढरी कळ खाली पडली. जमिनीवर कापसाचे तंतू, त्यात पांढरी कळ. मी अर्धा तास टॉर्च घेऊन शोधली. सासूबाई शेजारी तूर निवडत बसल्या होत्या. त्या आल्या, फरशीवर एकदा नजर फिरवली आणि बोटाने उचलून दिली. "हे पाय, हेच काय?" हेच होतं. डाळीतला खडा ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांना ही कळ काय सुटणार. तेव्हापासून मी हे काम परातीत काळा कपडा अंथरूनच करते.

पाती काढली, उजेडात धरली. टोकाला टाचणीच्या टोकाएवढा काळा खड्डा दिसत होता. कागदाच्या कडेला आयपीए लावून पुसलं, कर्कटकाच्या टोकाने जीभ केसभर वाकवली. परत बसवताना मात्र ती बसेना. मागचं टोक अडकवलं की पुढचं सुटायचं. जीभ खाचेत घातली की पाती उडून परातीत पडायची. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री जीभ जरा जास्त वाकवली आणि ती मोडली. मला फार वाईट वाटलं, एवढ्यासाठी की आता जमायलाच आलं होतं.

आमच्या चुलत दिरांचं फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी ते बांधून देतात. दोन्ही माऊस पिशवीत घालून गेले. त्यांनी मोडलेला खटका पाहिला, मग त्याच माऊसचा उजवा खटका दाबून पाहिला, दोन-तीनदा, कानाजवळ नेऊन. "वैनी, ह्याच्या उजव्याले कोणी हातच नाई लावला. हा नवाच हाये. हाच काढून तिकडं बसवू नं?"

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. काम सगळं डाव्या बटणाचं, उजवं दिवसातून दहा-वीसदा. मेलेल्या माऊसचा उजवा खटका म्हणजे जवळजवळ न वापरलेला खटका.

त्यांनी बारीक टोकाची डाखणी, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, तापवली. मोटारीच्या जाड तारा जोडणारा हात, पण इथे ते फार सांभाळून होते. बहुतारी वायर सोलून तिच्या केसांना राळ लावली, ती जुन्या डाखावर ठेवून वरून तापवली, की वितळलेला डाख त्या केसांत शोषला जातो आणि पाय मोकळा होतो. एका पायाला दोन-तीन सेकंदांवर टेकवायचं नाही, नाहीतर आतल्या सर्किटच्या पट्टीवरची तांब्याची रेघ सुटून येते, मग माऊस गेला. तीन पाय इकडचे, तीन तिकडचे. नवा खटका घातला, सरळ बसला का ते आडव्या नजरेने पाहिलं, कारण खटका तिरका बसला तर वरचं बटण त्याला नीट टेकत नाही. मग डाख दिला. राळेचा धूर दुकानभर पसरला होता.

वायर जिथे माऊसमध्ये शिरते तिथे ती मऊ पडली होती. त्यांनीच बोटाने वाकवून दाखवलं. पुढे कधीतरी तिथून तुटेल. तसं झालं तर चार बोटं कापून पुन्हा जोडायची, पण आधी चारही तारांचे रंग कोणत्या क्रमाने आहेत ते लिहून घ्यायचे. आतले रंग प्रत्येक माऊसमध्ये सारखेच असतील असं नाही. मी ते तिथेच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलं.

पैसे विचारले तर ते म्हणाले, "माह्या पोट्टीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राह्यला, थो भरून द्या." तो मी दुसऱ्या दिवशी सकाळी, याच माऊसने भरला. त्याआधी फोल्डरवर मोजून शंभर क्लिक केले होते. एकदाही उघडलं नाही.

आता शनिवारी संध्याकाळी केंद्र आवरलं की मी माऊस उलटा करून भोकात टॉर्च मारते आणि चाक फुंकते. फुंकताना तोंड जरा लांब, थुंकी भिंगावर जाऊ नये म्हणून. पट्ट्यांवर मळाची कड जमते ती नखाने काढते. रात्री झाकून ठेवायला साखरेचा रिकामा डबा ठेवला आहे, रुमाल नाही, कारण रुमालाचेही तंतू निघतात. टेबलाच्या चकचकीत सनमायक्यावर बाण घसरतो म्हणून जुन्या दप्तराचं खरबरीत कापड कापून खाली घातलं, ते साबणाने धुता येतं.

एप्रिलमध्ये कापूस विकला. ट्रॅक्टर भरून गेला, खोली झाडली, भिंती पुसल्या. त्याच रात्री माऊस पुन्हा उघडला. दोन महिन्यांत चाकाच्या आसावर पाच-सहा तंतूच चढले होते, अजून पांढरेशुभ्र. ते काढले, खाचा झाडल्या, झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहिली आणि स्क्रू लावला.